बिल्ला बाहीवर, पण हातात काय?

उलव्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "माझी मुलगी सहावीत आहे. गाईडमध्ये नाव घालायचं का, अशी शाळेतून चिठ्ठी आली आहे. नवीन गणवेश, बूट, स्कार्फ, शिबिराचे पैसे, शिवाय दर शनिवारचा वेळ जाणार तो वेगळाच. आमचे हे म्हणतात, दहावीला गुण मिळत असतील तर घाल. सासूबाई म्हणतात, मुलीची जात, तंबूत कशाला राहायला पाठवतेस? तुम्ही स्वतः या कामात आहात, तर खरं काय ते सांगा."

बाई, खरं सांगायचं तर गेल्या शनिवारी आमच्या घरात जे घडलं तेच सांगावं लागेल. म्हणून या आठवड्यात लोणची-मुरंबे बाजूला ठेवते. पण सदर घरगुतीच आहे, काळजी करू नका. कापडाचा हिशेब आहे, भाजल्यावर काय करावं ते आहे, आणि शेजारणीशी झालेला अबोलाही आहे!

आम्ही राहतो द्रोणागिरीला. एका अंगाला बंदराच्या कंटेनरांच्या थप्प्या, दुसऱ्या अंगाला द्रोणागिरीचा डोंगर आणि पलीकडे करंजाची कोळीवस्ती. १२ जानेवारी २०२४ ला लोकल उरणपर्यंत आली, तेव्हापासून नवी बिऱ्हाडं वाढली आणि मुलांचा किलबिलाटही वाढला. त्यातल्याच काही मुलामुलींचं छोटं पथक आम्ही चौघं मिळून चालवतो. एक निवृत्त स्काऊट मास्तर, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो. एक बंदरात नोकरी करणारे दादा. एक कॉलेजात जाणारी मुलगी, जी स्वतः रेंजर आहे. आणि चौथी मी, गाईड कॅप्टन. पगार कुणालाच नाही. चहा माझा आणि चकली आणेल त्याची, असा कारभार.

ज्यांना या शिड्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिशुवर्गातली मुलं ती बनी. मग दहाव्या वर्षापर्यंत मुलगे कब आणि मुली बुलबुल. बुलबुलांच्या पायऱ्यांची नावं किती गोड आहेत बघा: कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख. दहाव्या वर्षानंतर स्काऊट आणि गाईड. तिथे प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. मोठी झाली की रोव्हर-रेंजर. प्रत्येक पायरीला काही शिकायचं, ते करून दाखवायचं, नोंदवहीत लिहायचं आणि कॅप्टनने खाली सही करायची. शिवाय स्वयंपाक, प्रथमोपचार वगैरेंचे प्रावीण्य बॅज असतात, ते बाहीवर लावतात.

आता गोम कुठे आहे ते सांगते. आपल्या राज्यात दहावीच्या निकालात स्काऊट-गाईडच्या पुरस्कारांना सवलतीचे गुण मिळतात. रेल्वेच्या भरतीतही स्काऊट-गाईडसाठी राखीव जागा असतात. चांगलीच गोष्ट आहे, मुलांच्या मेहनतीचं चीज झालं पाहिजे. पण गूळ ठेवला की मुंगळे येणारच. काही घरांतून मुलीचं नाव नोंदवतानाच प्रश्न येतो, "काकू, प्रमाणपत्र कधी मिळेल?" आपली मुलगी काय शिकेल, हे विचारणारी आई शंभरात एखादी.

तर गेल्या शनिवारी आमच्याकडे चार मुलींच्या नोंदवह्या होत्या. राज्य पुरस्काराचे अर्ज सोमवारी पाठवायचे होते. मी म्हटलं, सही करण्याआधी एकदा करून दाखवू देत. माझ्या स्वयंपाकघरातच परीक्षा मांडली. गळ्यातल्या स्कार्फची झोळी करून मोडलेल्या हाताला आधार द्या. हातावर गरम तेल उडालं तर काय कराल, ते नळापाशी उभं राहून दाखवा. मैत्रीण चक्कर येऊन पडली तर आधी काय बघाल? तिघींनी केलं, अडखळत का होईना, पण केलं. चौथीला काहीच येईना. गाठ बांधली ती सासूगाठ, म्हणजे आम्ही तिला तशी म्हणतो. ताण पडला की सरकते आणि सोडायला गेलं तर सुटत नाही! तिचा दोष म्हणावा तर शिकवणीच्या वर्गामुळे तिचे सहा शनिवार बुडालेले. आणि ही चौथी म्हणजे कोण, तर माझ्या सख्ख्या शेजारणीची मुलगी. रोजच्या वाटी-वाटीच्या देवाणघेवाणीतलं घर.

दादा म्हणाले, "ताई, सगळीकडे सह्या होतात. आपणच कडक राहून आपल्याच मुलीचं नुकसान का करायचं? पुढच्या वर्षी ती दहावीत."

रेंजर मुलगी म्हणाली, "नुकसान तिचं होईलच. पण सहा शनिवार ती आली नाही तेव्हा आपण तरी कुठे घरी जाऊन विचारलं?"

सर काहीच बोलले नाहीत. मी मात्र सही केली नाही. का नाही केली, त्याला एक जुनी गोष्ट कारण आहे. ती आजवर इथे लिहिली नव्हती, आज लिहिते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका शाळेत गाईडच्या कामाला मदत करायला जात असे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. अर्ज पाठवायची तारीख जवळ आली होती आणि बऱ्याच मुलींचं प्रथमोपचाराचं काम राहिलं होतं. एका संध्याकाळी बसले आणि सगळ्या नोंदवह्यांवर सह्या करून टाकल्या. मनात म्हटलं, हुशार मुली आहेत, नंतर शिकतील. मुलींनी बॅज हौसेने बाहीवर शिवले.

पुढे दोन महिन्यांनी 'खरी कमाई'चा दिवस आला. तुम्हाला ठाऊक असेल, स्काऊट-गाईडची मुलं स्वतःच्या कष्टाने चार पैसे मिळवतात, त्याला खरी कमाई म्हणतात. मुलींनी भजी तळायला घेतली होती. कढईत भजं जोरात पडलं आणि एका लहान मुलीच्या हातावर तेल उडालं. ती किंचाळली. शेजारी उभी होती ती आमची सर्वांत हुशार मुलगी, बाहीवर प्रथमोपचाराचा बॅज लावलेली. ती जागची हलली नाही. मग धावत वर्गात गेली आणि कुणाच्या तरी दप्तरातून टूथपेस्ट घेऊन आली. तोवर शाळेच्या शिपाई मावशींनी त्या पोरीचा हात नळाखाली धरला होता आणि हातातली बांगडी काढून घेतली होती. टूथपेस्ट बघून मावशी ओरडल्या, "ते नको गं बाय! पानी चालू राहू दे."

मुलीचा हात बरा झाला, देवाची कृपा. फिकट डाग राहिला. पण त्या हुशार मुलीला मी संध्याकाळी विचारलं, "अगं, तुला बॅज मिळालाय ना?" ती रडत म्हणाली, "बाई, मला कुठे येतं ते? तुम्ही सही केली होती."

मैत्रिणींनो, त्या वाक्याने मला जे शिकवलं ते कुठल्या शिबिरात शिकले नव्हते. गाईडचे नियम नऊ आहेत. त्यातला पहिलाच असा की, गाईड विश्वसनीय असते. आम्ही तो मुलींकडून घोकून घेतो आणि त्याच हाताने खोटी सही करतो! बॅजवर विसंबून उद्या कुणीतरी तिला हाक मारणार असतं. हाक मारणाऱ्याला काय ठाऊक, की बॅज सुईदोऱ्याने लागलाय आणि विद्या लागलेलीच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. येत असेल तर बॅज नसला तरी दिसतं. येत नसेल तर बाहीभर बॅज असून काय उपयोग?

आता विषय निघालाच आहे तर भाजल्यावर काय करायचं ते एकदा नीट लिहून ठेवा. फ्रिजच्या दारावर चिकटवा हवं तर.

भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या थंड पाण्याखाली धरा, एक-दोन मिनिटं नाही, चांगली वीस मिनिटं. बर्फ लावू नका. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. कातडीला कपडा चिकटला असेल तर ओढून काढू नका. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस, काहीही लावू नका. फोड फोडू नका. मग स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका. भाजलेला भाग जखमीच्या तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, सांधा किंवा नाजूक जागा भाजली असेल, किंवा लहान मूल असेल, तर डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे.

हे झालं पहिल्या नियमाचं. आता आठव्याकडे येते. आठवा नियम असा की, गाईड काटकसरी असते. आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनीचा पहिला प्रश्न गणवेशाच्या खर्चाचा होता.

आमच्या बैठकीतही गणवेशावरून दर वेळी जुंपते. सरांच्या लहानपणी स्काऊट म्हणजे खाकी. आता मुलांना राखाडी शर्ट आणि गडद निळी पँट, मुलींचा पोशाख निळ्या छटांचा, मोठ्या मुलींना सलवार-कमीजची सोय. सरांना खाकीची आठवण येते. रेंजर मुलीला वाटतं, अजून सुटसुटीत हवा. मी ऐकून घेते आणि मनात म्हणते, अहो, ही चळवळ मुलींकडे आली तेव्हा त्यांना गणवेश दिलाच कुणी होता? १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट मुलांचा मेळावा होता. तिथे काही मुली आपल्या मनानेच टोप्या-रुमाल चढवून हजर झाल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, मुलींसाठी गर्ल गाईड सुरू झालं. आणि १९११ मध्ये आपल्याकडे जबलपूरला पहिली गाईड कंपनी निघाली. म्हणजे आधी मुली आल्या, मग कापड आलं.

आपल्या राज्यात मात्र अलीकडे उलटं झालं होतं. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात 'एक राज्य, एक गणवेश' अशी योजना आली. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना दोन गणवेश, त्यातला एक स्काऊट-गाईडचा. तो मंगळवार, गुरुवार, शनिवारी घालायचा. हेतू वाईट नव्हता. बचत गटांच्या बायकांना शिलाईचं काम मिळावं, असंही त्यात होतं. पण कापड उशिरा पोचलं, मापं चुकली, ठरल्या पैशांत शिंपी मिळेना, अशा तक्रारी गावोगावहून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवला गेला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. मला त्यात वेगळंच खटकलं होतं. स्काऊटमध्ये आधी वचन घ्यायचं, दीक्षाविधी व्हायचा आणि मग गळ्यात स्कार्फ पडायचा, अशी रीत. इथे अंगावर गणवेश चढला, पण वचन कुठलं, गाठ कुठली, हे कित्येकांना कुणी सांगितलंच नाही.

याच्या नेमकी उलट गोष्ट आमच्या पथकात झाली आणि ती मला अजून टोचते. करंजाहून एक मुलगी येत असे. वडील होडीवर, आई मासळी विकणारी. पहिल्याच दिवशी मी 'शीट बेंड' नावाची गाठ शिकवत होते. जाड आणि बारीक अशा दोन दोऱ्या जोडायची गाठ. मी पुस्तकात बघून बांधत होते. ती पोर हसली आणि म्हणाली, "बाई, ही तर जाळ्याची गाठ." आणि तिने माझ्या हातातून दोरी घेऊन डोळ्यांचं पातं लवायच्या आत बांधून दाखवली! खरंच की, जाळं विणतात ते याच गाठीने. त्या दिवशी ती आमची कॅप्टन झाली आणि आम्ही तिच्या गाईड.

मग जिल्ह्याच्या मेळाव्याची तारीख आली. पूर्ण गणवेश सक्तीचा, असा आमचाच ठराव. तिची आई मला बाजारात भेटली. टोपली खाली ठेवून म्हणाली, "बाय, एवढं पैसं आता नाय जमणार. पावसाळ्याचं दिवस हाय, होडी बंद हाय." मी म्हटलं, बघू काहीतरी. आणि बघता बघता राहून गेलं. मेळाव्याला ती आली नाही. नंतर आलीच नाही. जिला सगळ्यांत जास्त येत होतं तिच्या अंगावर कापड नव्हतं, एवढ्यावरून आम्ही तिला घालवली. काटकसरीचा नियम शिकवणारे आम्ही, आणि नव्या कापडावाचून आमचं अडलं!

त्यानंतर मी माझी जुनी पत्र्याची ट्रंक रिकामी केली. आता तिच्यात गणवेश असतात. मुलगी मोठी झाली की गणवेश धुऊन ट्रंकेत यायचा आणि ज्याच्या अंगाला येईल त्याने न्यायचा. कुणी दिला, कुणी नेला, त्याची वही ठेवायची नाही, हा आमचा एकच नियम. तुमच्या इमारतीतही करून बघा. आणि ज्यांना नवा शिवायचाच आहे त्यांच्यासाठी या काही गोष्टी:

एक. फ्रॉक किंवा सलवारीला खाली चांगली तीन बोटं दुमड ठेवायला सांगा, बाजूच्या शिवणीतही कापड सोडा. दोन वर्षं निघतात. दुमड सोडल्यावर जुनी रेघ दिसते, त्यावर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओलं केलेलं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. आधी आतल्या कोपऱ्यावर रंग जात नाही ना, ते बघा.

दोन. बॅज गोंदाने चिकटवू नका, मशीनही मारू नका. हाताने बारीक टाके घाला. गणवेश दुसरीला देताना उसवता येतात.

तीन. नवं गडद निळं कापड आणि स्कार्फ पहिले दोन-तीन वेळा वेगळे धुवा. उलटे करून सावलीत वाळवा.

चार. आमच्या उरणकडच्या खाऱ्या हवेत पट्ट्याचं बक्कल गंजतं. वापरून झालं की कोरड्या फडक्याने पुसा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा.

पाच. स्कार्फ चांगल्या सुती कापडाचा आणि पुऱ्या मापाचा घ्या. इतर गोष्टींत काटकसर करा, यात नको. तो शोभेसाठी नसतो. वेळ पडली तर त्याचीच झोळी होते, त्याचीच पट्टी होते. छोट्या, गुळगुळीत नायलॉनच्या तुकड्याची काय झोळी होणार?

गणवेशाच्या खर्चाला 'खरी कमाई' हाही चांगला मार्ग आहे. मात्र ती खरी असू द्या, बरं का. हल्ली भेळ आई करते, चटणी आजी वाटते, गिऱ्हाईक म्हणून बाबा येतात आणि मुलगी फक्त पैसे मोजते! त्यापेक्षा मुलीने शेजारच्या आजोबांच्या कुंड्यांना आठवडाभर पाणी घातलं, वह्यांना कव्हरं घालून दिली, तर मिळालेले दहा रुपये तिचे असतात.

आमच्या भांडणाचा तिसरा विषय म्हणजे कार्यक्रमातले बदल. सर हळहळतात, झेंड्यांची खुणेची भाषा गेली, मोर्सची टिकटिक गेली, आता मुलांना नुसतं मोबाइलवर सगळं हवं. रेंजर मुलगी म्हणते, सर, मोर्सपेक्षा आज आजीचा फोनवर ओटीपी विचारणाऱ्यापासून बचाव करायला शिकवलं तर ती जास्त मोठी सेवा होईल. मला दोघांचंही पटतं. बदलाला घाबरून कसं चालेल? ब्रिटनच्या स्काऊट संघटनेने १९६६ मध्ये मोठा अहवाल काढला आणि १९६७ मध्ये अर्धी चड्डी जाऊन लांब विजार आली, नावातला 'बॉय' शब्दसुद्धा गेला. अमेरिकेत २०१९ मध्ये मोठ्या मुलींना मुख्य स्काऊट कार्यक्रमात जागा मिळाली आणि ८ फेब्रुवारी २०२५ ला तिथल्या संघटनेने 'स्काउटिंग अमेरिका' असं नाव घेतलं. आपल्याकडे भारत स्काऊट्स आणि गाईड्स ७ नोव्हेंबर १९५० ला झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईडही तिच्यात आल्या. मुलगे आणि मुली एकाच छपराखाली यायला आपल्याला दुसऱ्या कुणाची वाट बघावी लागली नाही.

मात्र एक गोष्ट बदलू नये असं मला वाटतं. मोठ्या मुलीने धाकटीला शिकवायचं, हाताने करून शिकवायचं. मागच्या हिवाळ्यात आम्ही मुलींना पाणजेच्या पाणथळीकडे पक्षी बघायला नेलं होतं. फोनमधल्या चित्रावरून पक्ष्याचं नाव शोधलं एका मुलीने, पण चिखलात पाऊल कुठे टाकायचं आणि आवाज न करता कसं बसायचं, ते सांगितलं गावातल्या मुलीने. फोनही हवा आणि तीही हवी.

आणि हो, पुरस्कारांचा मोह फक्त मुलांनाच असतो असं समजू नका. आम्हा मोठ्यांनाही पदकं असतात: दीर्घ सेवेचं, मेडल ऑफ मेरिट, सिल्व्हर स्टार आणि सर्वांत मोठं सिल्व्हर एलिफंट. प्रशिक्षणात 'हिमालय वूड बॅज' मिळाला की चामड्याच्या दोरीत दोन लाकडी मणी गळ्यात येतात. आमच्या सरांकडे ते मणी आहेत. त्या शनिवारी मी सही नाकारली आणि दादा रागावून उठायला लागले, तेव्हा सरांनी खिशातून ते मणी काढून टेबलावर ठेवले. म्हणाले, "हे मिळायला मला दोनदा बसावं लागलं. पहिल्यांदा परीक्षकाने सही केली नाही. तेव्हा फार राग आला होता." एवढंच बोलले. दादा खाली बसले. ठरलं असं की, तीन अर्ज सोमवारी जातील. चौथ्या मुलीला पुढच्या खेपेपर्यंत दर रविवारी सकाळी आम्ही आळीपाळीने शिकवू. तिचे सहा शनिवार बुडाले, त्यातले निदान तीन आमच्या दुर्लक्षाचे.

रात्री मी स्वतः शेजारी सांगायला गेले. वहिनी म्हणाल्या, "अहो ताई, एका सहीने तुमचं काय जाणार होतं?" मी त्यांना त्या टूथपेस्टची गोष्ट सांगितली. त्या ऐकून घेतल्या, पण चेहरा उतरलेलाच राहिला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मुलीचे गुण जातील ही काळजी खरी आहे, आणि ते गुण जाऊही शकतात. ते नुकसान मी भरून देऊ शकत नाही. मला फक्त एवढंच करता येतं की, तिच्या बाहीवर पुढे जे लागेल ते खरं असेल.

आता उलव्याच्या भगिनीला उत्तर. बाई, मुलीचं नाव जरूर घाला. पण घालण्याआधी शाळेत जाऊन चार प्रश्न विचारा. मुली दर आठवड्याला खरोखर भेटतात का, की फक्त शिबिराच्या तोंडावर? नोंदवहीवर सही करण्याआधी करून दाखवायला लावतात का? जुना गणवेश चालतो का? शिबिराला मुलींबरोबर बाई मुक्कामाला असतात का? चारही उत्तरं सरळ मिळाली तर डोळे मिटून पाठवा. आणि दर महिन्याला घरी स्वतः परीक्षा घ्या. "पट्टीची गाठ बांधून दाखव," म्हणा. रीफ नॉट असेल तर ती सपाट बसते, ताणली तर सरकत नाही आणि सोडायची तेव्हा चटकन सुटते.

सासूबाईंना सांगा, मुलींनी तंबूत राहणं हे काही आजचं खूळ नाही. १६ ऑक्टोबर १९६६ ला पुण्यात 'संगम' सुरू झालं, गाईड मुलींचं जागतिक केंद्र. अशी केंद्रं जगात मोजकीच आणि त्यातलं एक आपल्या पुण्यात. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. आपली नात उरण-पनवेलच्या शिबिरात दोन रात्री राहिली तर आभाळ कोसळणार नाही. उलट घरी आली की स्वतःचं अंथरूण स्वतः घडी करील, हा फायदा सासूबाईंच्या पदरात!

आणि यजमानांना सांगा, गुण मिळाले तर आनंद आहे. पण ते पिकाबरोबर आलेल्या कडब्यासारखे धरा. कडब्यासाठी कुणी शेत पेरत नाही.

शेजारचं काय झालं, ते विचाराल. रविवारी सकाळी आठला बेल वाजली. दारात ती मुलगी उभी होती, गळ्यात स्कार्फ आणि हातात माझी वाटी. मागच्या आठवड्यात शिरा दिला होता, ती. आपल्याकडे वाटी रिकामी परत करायची रीत नाही. ही रिकामीच होती. वहिनींचा राग अजून आहे, हे मला कळलं. पण मुलीला त्यांनीच उठवून पाठवलं होतं, हेही कळलं. आम्ही दोघी नळाखाली हात धरून वीस मिनिटं उभ्या राहिलो. वीस मिनिटं किती मोठी असतात, ते तिला त्या दिवशी समजलं. मलाही.

पुढच्या रविवारी झोळी शिकवायची आहे. आणि पुढच्या अंकात तुमच्यासाठी उन्हाळी वाळवणं, कबूल केल्याप्रमाणे.